घरचा तंटा आणि मध्यस्थाचे शिक्षण

प्रस्तावना

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेताचा बांध असो, भाऊबंदकीची वाटणी असो, कोर्टात गेलेला माणूस लवकर घरी परतत नाही, हा पिढ्यांचा अनुभव या म्हणीत साठवलेला आहे. परंतु पायरी चढायची नाही, तर जायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर म्हण देत नाही. पूर्वी हे उत्तर गावकीने, गोतसभेने, घरातील वडीलधाऱ्यांनी दिले. आज त्याच जागी एक नवी व्यक्ती उभी राहत आहे. ती न्यायाधीश नाही, पंच नाही आणि नातेवाईक तर मुळीच नाही. तिला मध्यस्थ म्हणतात. पती-पत्नीच्या कलहात मध्यस्थी करण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे लागते, ही गोष्ट अनेकांना नवी वाटेल. प्रस्तुत पाठात त्या शिक्षणाचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर मध्यस्थी, लवाद आणि समुपदेशन यांतील भेद तुम्हाला सांगता येईल. मध्यस्थाच्या प्रशिक्षणात काय शिकवले जाते ते तुम्ही स्पष्ट करू शकाल. आणि मध्यस्थी कोठे करू नये याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

एक जुना खटला

इ. स. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी या गृहस्थाने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. वयाच्या अकराव्या वर्षी आपल्याशी लग्न झालेली रखमाबाई नांदायला येत नाही, तिला आपल्या घरी पाठवावे, अशी त्याची मागणी होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. दादाजीने अपील केले. प्रकरण पुन्हा चालले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की, रखमाबाईने महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा. रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शवली. साऱ्या देशात आणि इंग्लंडातही या निकालाची चर्चा झाली. शेवटी १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

चार वर्षांत न्यायालयाला जे साधले नाही, ते अखेर तडजोडीने साधले. मात्र या तडजोडीला आजच्या अर्थाने मध्यस्थी म्हणता येणार नाही. दोघांना समोरासमोर बसवून, तुम्हाला नेमके काय हवे आहे, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. रखमाबाईला आपले म्हणणे वर्तमानपत्रातून मांडावे लागले, आणि तेही टोपणनावाने. न्यायालयाने विचारलेला प्रश्न एकच होता : पतीचा हक्क आहे की नाही? असा प्रश्न विचारला की उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच येते. घरातला तंटा इतक्या सरळ प्रश्नात क्वचितच मावतो.

कायद्याने उघडलेली वाट

स्वतंत्र भारतात हळूहळू ही जाणीव कायद्यात उतरली. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला. त्याच्या नवव्या कलमाने न्यायाधीशांवर असे कर्तव्य घातले की, शक्य असेल तेथे त्यांनी आधी समेटाचा प्रयत्न करावा. महाराष्ट्रात १९८९ पासून पुणे आणि मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. तेथील विवाह समुपदेशक दांपत्यांशी बोलू लागले. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८९ वे कलम बदलून १ जुलै २००२ पासून अमलात आले. न्यायालयासमोरील वाद लवाद, सलोखा, लोकअदालत किंवा मध्यस्थी यांपैकी एखाद्या मार्गाकडे पाठवण्याची सोय त्यात होती.

या दुरुस्त्यांना आव्हान देणारी वकील संघटना तामिळनाडूतील सेलमची होती. मध्यस्थी आली की वकिलांच्या मिळकतीला ओहोटी लागणार, अशी थट्टा त्या काळी वकील मंडळींत चालत असे. सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि त्या प्रत्यक्षात कशा आणाव्यात हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती जगन्नाध राव यांची समिती नेमली. ज्या राज्यातून विरोध झाला, त्याच राज्याच्या राजधानीत ९ एप्रिल २००५ रोजी ‘तामिळनाडू मध्यस्थी व सलोखा केंद्र’ मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात सुरू झाले. न्यायालयाशी जोडलेले हे देशातील पहिले मध्यस्थी केंद्र मानले जाते. ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती स्थापन केली आणि देशभर मध्यस्थ घडवण्याचे काम हाती घेतले.

पाठगत प्रश्न १

(अ) रखमाबाईच्या खटल्यात न्यायालयाने विचारलेला प्रश्न अपुरा का होता?
(आ) कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्याच्या नवव्या कलमाने न्यायाधीशांवर कोणते कर्तव्य घातले?

अण्णा नगरमधील एक घर

चेन्नईच्या पश्चिमेकडील अण्णा नगर ही आखीव रस्त्यांची वसाहत आहे. १९६८ मध्ये येथे जागतिक व्यापार मेळा भरला होता. त्या वेळी उभारलेला मनोरा आजही या भागाची खूण म्हणून ओळखला जातो, आणि मेट्रोच्या एका स्थानकाला त्याचेच नाव आहे. तेथून गाडीत बसून सेंट्रलला गाडी बदलली की उच्च न्यायालयाचे स्थानक येते.

समजा, या वसाहतीत एक दांपत्य राहते. पत्नी मूळची कोल्हापूरची, पती तेथलाच, तमिळ. दोघेही नोकरी करतात. त्यांना सात वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षापासून पत्नी त्याच भागात भाड्याच्या घरात वेगळी राहते. घराचे कर्ज दोघांच्या नावावर आहे. दोघांनीही वकील केले आहेत. मुलगी कोणाकडे राहील हा मुख्य वाद. पण पहिला भडका उडाला तो दिवाळीवरून. नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान मुलीने आपल्याच घरी करावे, असा दोघांचाही हट्ट आहे.

न्यायालयाकडे हा अर्ज गेला, तर न्यायाधीश काय करतील? एका वर्षी आईकडे, दुसऱ्या वर्षी वडिलांकडे, असा आदेश देतील. तो अन्याय्य म्हणता येणार नाही. पण दरवर्षी दोघांपैकी एक जण त्या पहाटे एकटा बसेल, आणि मुलगी ज्या घरी असेल तेथे दुसऱ्या घराचे नाव निघणार नाही.

मध्यस्थासमोर हीच बाब वेगळ्या रीतीने उलगडते. मध्यस्थ पतीला विचारतो, “त्या पहाटे तुमच्या घरी काय काय होते, ते सांगाल का?” पती सांगतो की, त्याची आई नातीच्या डोक्याला तेल लावते, आईचे वय झाले आहे, अशा किती दिवाळ्या उरल्या कोण जाणे. हाच प्रश्न पत्नीला विचारला जातो. तिच्या बोलण्यात पहाटेपेक्षा पाडवा आणि भाऊबीज अधिक येते. कोल्हापूरला तिचे दोन भाऊ आहेत, मुलीला मामेभाऊ आहेत, आणि ती पाटावर बसून त्यांना ओवाळते ही गोष्ट तिला मोलाची वाटते. तामिळनाडूत दिवाळी मुख्यतः त्या एका दिवसाची असते. महाराष्ट्रात ती पुढे भाऊबीजेपर्यंत चालते. म्हणजे दोन घरांची दिवाळी पूर्णपणे एकमेकींवर येतच नव्हती. पहाटे आजीकडे तेल लावून घ्यायचे आणि त्याच दिवशी आईबरोबर कोल्हापूरची गाडी धरायची, हा तोडगा मध्यस्थाने सुचवलेला नाही. तो त्या दोघांच्या बोलण्यातूनच निघाला आहे, आणि म्हणूनच तो टिकण्याचा संभव अधिक.

येथे दोन संकल्पना नीट समजून घेतल्या पाहिजेत. ‘मुलगी माझ्याकडे हवी’ ही झाली भूमिका. ‘माझ्या आईला नातीचा सहवास मिळावा’ ही झाली गरज. भूमिका परस्परविरोधी असतात. गरजा तशा असतीलच असे नाही. मध्यस्थाचे बहुतेक कौशल्य भूमिकेखालची गरज ओळखण्यात खर्च होते.

चाळीस तासांचे शिक्षण

सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकल्प समितीने मध्यस्थासाठी चाळीस तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दहा प्रत्यक्ष मध्यस्थी आवश्यक ठरवल्या. प्रशिक्षणार्थी बहुधा अनुभवी वकील किंवा न्यायिक अधिकारी असतात. वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी होणे सोपे जात नाही. उलटतपासणीत ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असाच प्रश्न विचारायचा, हे वकिलाच्या अंगात मुरलेले असते. येथे नेमके उलटे करावे लागते. ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा मोकळा प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. गप्प बसणे हा या शिक्षणातील सर्वांत कठीण भाग असावा.

प्रशिक्षणाचा मोठा भाग भूमिकाभिनयाचा असतो. एक वकील पती होतो, दुसरी वकील पत्नी होते, तिसरा मध्यस्थ होतो आणि प्रशिक्षक बाजूला बसून पाहतो. मध्यस्थ प्रथम स्वतःची ओळख करून देतो. आपण निकाल देणार नाही, येथे बोललेले बाहेर जाणार नाही आणि कोणीही केव्हाही उठून जाऊ शकतो, हे तो दोघांना सांगतो. मग संयुक्त बैठक होते. प्रत्येकाला न अडवता बोलू दिले जाते. त्यानंतर आवश्यकतेनुसार स्वतंत्र बैठका होतात. त्यांत एकाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगायची नसते. अखेर एकमत झाले, तर ते कलमवार लिहून घेतले जाते.

या अभ्यासात शब्दांना फार महत्त्व आहे. पत्नी म्हणते, “हा माणूस घरात एक पैसा देत नाही.” मध्यस्थाने हे वाक्य जसेच्या तसे पतीकडे नेले, तर भांडण वाढेल. मध्यस्थ म्हणतो, “घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम येण्याची खात्री तुम्हाला हवी आहे, असे मी समजू का?” आशय तोच राहिला, आरोप गळून पडला आणि मागणी उरली. याला पुनर्मांडणी म्हणतात. भाषेच्या विद्यार्थ्याला यात विशेष गोडी वाटावी, कारण येथे वाक्यरचना बदलल्याने माणसाचे पुढचे उत्तर बदलते. मात्र पुनर्मांडणी म्हणजे गुळगुळीत करणे नव्हे. पत्नी ‘मला भीती वाटते’ असे म्हणाली, तर ‘तुम्हाला थोडी काळजी आहे’ असे म्हणणारा मध्यस्थ तिचा विश्वास गमावून बसतो.

आणखी एक कौशल्य म्हणजे वास्तवाची जाणीव करून देणे. पती म्हणाला की, मुलीला सोमवार ते शुक्रवार मीच सांभाळीन, तर मध्यस्थ त्याला नाही म्हणत नाही. शाळा किती वाजता सुटते, तुम्ही कार्यालयातून किती वाजता निघता, मधल्या वेळात तिच्यापाशी कोण असेल, एवढेच तो विचारतो. आकडे कागदावर आले की हट्ट बहुधा आपोआप सैल होतो. मुलांना मात्र ‘तुला आई हवी की बाबा?’ असे विचारायचे नाही, ही गोष्ट प्रशिक्षणात बजावून सांगावी लागते. सात वर्षांच्या मुलीवर हा निवाडा टाकणे म्हणजे मोठ्यांनी आपले ओझे तिच्या खांद्यावर देणे होय.

आपल्याकडे वादाच्या मागे दोन माणसे एकटी नसतात. सासू, दीर, मामा, आत्या, सारेच येऊन बसतात. त्यांना बाहेर काढावे तर ते घरी जाऊन ठरलेले मोडतील. आत घ्यावे तर पती-पत्नीला बोलताच येणार नाही. पाश्चात्त्य पुस्तकांतून या पेचाचे आयते उत्तर मिळत नाही. अनुभवी मध्यस्थ आधी दोघांना एकटे ऐकतात आणि मग वडीलधाऱ्यांना योग्य वेळी, योग्य मानाने बोलावतात.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘भूमिका’ आणि ‘गरज’ यांतील फरक तुमच्या अनुभवातील उदाहरणाने सांगा.
(आ) ‘तुम्ही कधी वेळेवर घरी येतच नाही’ या वाक्याची पुनर्मांडणी करा.

सहयोगी कायदापद्धती

मध्यस्थीच्या शेजारी आणखी एक पद्धती उदयास आली आहे. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात स्टुअर्ट वेब नावाचे वकील कौटुंबिक खटले लढवून कंटाळले होते. १९९० मध्ये त्यांनी ठरवले की, यापुढे आपण फक्त तडजोडीसाठी वकिली करायची. प्रकरण न्यायालयात गेलेच तर आपण त्यातून बाहेर पडायचे. या निश्चयातून सहयोगी कायदापद्धती जन्माला आली. हिच्यात मध्यस्थ नसतो. पती आणि पत्नी यांचे आपापले वकील असतात आणि चौघे एकत्र बसतात. आरंभीच सर्वजण एका करारावर सह्या करतात. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी प्रकरण सोडायचे, हे त्या करारातील मुख्य कलम. तोडगा काढण्यातच वकिलाचे हित राहील, अशी ही बांधणी आहे. गरज पडल्यास दोघांना मिळून एक हिशेबाचा जाणकार आणि मुलांच्या मनाचा अभ्यासक घेता येतो. अण्णा नगरच्या दांपत्यासारख्यांच्या बाबतीत कर्जाचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधी, दागिने यांचा एकच हिशेब दोघांनी मान्य केला, तर अर्धे भांडण तेथेच मिटते.

भारतात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा नाही. ती पक्षकारांच्या कराराच्या आधाराने चालू शकते. तिची मर्यादाही उघड आहे. बोलणी मोडल्यास नवा वकील, नवे शुल्क आणि पुन्हा पहिल्यापासून सारी हकीकत. ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे, त्याला ही जोखीम परवडत नाही. न्यायालयाशी जोडलेली मध्यस्थी अशा माणसाला अधिक जवळची.

कोठे थांबावे

मध्यस्थीचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ‘मिटवून घ्या’ हे शब्द आपल्या समाजात बहुतेक वेळा स्त्रीलाच ऐकवले गेले आहेत. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला समजूत घालून परत पाठवणारे चार शहाणे गावोगावी होते, आणि त्यांनाही मध्यस्थच म्हणत. त्यांच्यात आणि प्रशिक्षित मध्यस्थात फरक हवा असेल, तर तो येथेच दिसला पाहिजे. ज्या घरात हिंसा आहे, तेथे समोरासमोर बसवलेली स्त्री मोकळेपणाने बोलूच शकत नाही. तिचे ‘हो’ हे भीतीचे ‘हो’ असते. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात, बैठक सुरू करण्यापूर्वी दोघांना वेगवेगळे भेटून हिंसेविषयी चौकशी करण्यास शिकवले जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा अशा स्त्रीच्या हाती आहे. तिला आधी सुरक्षितता मिळाली पाहिजे, बोलणी नंतर.

के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद आरंभीच मध्यस्थीकडे पाठवण्यावर भर दिला आणि खटल्यापूर्वीच मदत देणारे कक्ष मध्यस्थी केंद्रांत असावेत, असे सांगितले. हे स्वागतार्हच आहे. परंतु संख्या वाढवण्याच्या घाईत कोणाला तडजोडीकडे ढकलले जात नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी अखेर त्या खोलीत बसलेल्या मध्यस्थावरच येते. आपण मिटवलेल्या प्रकरणांचा आकडा मोजणारा मध्यस्थ या कामाला योग्य नव्हे.

समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणे, असाही एक गैरसमज आहे. पुष्कळदा मध्यस्थीतून घटस्फोटच होतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद आहे. त्यातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. पती-पत्नीचे नाते संपले, तरी आई-बापाचे नाते संपत नाही. मुलीच्या शाळेच्या संमेलनात दोघांना एकाच रांगेत बसता यावे, इतके जरी साधले तरी मध्यस्थी यशस्वी झाली असे म्हणता येईल.

मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याची सर्व कलमे एकाच वेळी अमलात आलेली नाहीत. काही ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मध्यस्थी एकशेवीस दिवसांत पूर्ण व्हावी, दोघांची संमती असल्यास आणखी साठ दिवस मिळावेत, आणि मध्यस्थांची नोंदणी व प्रशिक्षणाचा दर्जा पाहण्यासाठी भारतीय मध्यस्थी परिषद असावी, अशी या कायद्याची योजना आहे. १ जुलै २०२५ पासून नव्वद दिवस देशभर एक विशेष मध्यस्थी मोहीम चालवण्यात आली. तिच्यात वैवाहिक वादांचाही समावेश होता.

शब्दार्थ

लवाद – दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या त्रयस्थाने ऐकून निकाल देण्याची पद्धत.
मध्यस्थी – त्रयस्थाच्या साहाय्याने पक्षांनी स्वतः तोडगा शोधण्याची पद्धत. येथे त्रयस्थ निकाल देत नाही.
समुपदेशन – मनाची अडचण समजून घेऊन मार्ग दाखवणारे संभाषण.
पुनर्मांडणी – आशय कायम ठेवून आरोपाचे वाक्य मागणीच्या रूपात मांडणे.
पोटगी – निर्वाहासाठी द्यावयाची रक्कम.
ताबा – मुलाच्या संगोपनाचा व सोबत ठेवण्याचा अधिकार.
भाऊबंदकी – भाऊबंदांमधील वैर किंवा तंटा.

स्वाध्याय

१. अण्णा नगरच्या दांपत्याच्या दिवाळीच्या वादात न्यायालयाचा आदेश आणि मध्यस्थीतील तोडगा यांची तुलना आठ ते दहा ओळींत करा.
२. वकिलाला मध्यस्थ होताना कोणत्या सवयी सोडाव्या लागतात? पाठाच्या आधारे लिहा.
३. ‘हिंसा असेल तेथे मध्यस्थी करू नये’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण सांगा.
४. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण रखमाबाईला लागू पडते का? तुमचे मत पंधरा ओळींत मांडा.
५. एका मुलाच्या उन्हाळी सुटीवरून वाद असलेल्या आई-वडिलांची मध्यस्थासमोरील संयुक्त बैठक संवादरूपाने लिहा. मध्यस्थाच्या तोंडी एकही सल्ला येणार नाही याची काळजी घ्या.